कुठून बसलात?

बावीस वर्षं मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात काम केलं. टेबलावर दोन फोन, समोर काचेची खिडकी आणि खिडकीबाहेर ड्रायव्हर. कोणाची गाडी कुठे अडकली, कोणाचा माल कुठे उतरवायचा, कोण वजनकाट्यावर भांडत बसलाय, हे सगळं माझ्या तोंडून जायचं. मराठी, हिंदी, कामापुरती पंजाबी, आणि शिव्या तिन्ही भाषांतल्या. घरी मी सभ्य होते. ऑफिसात मात्र एका दमात असं काही बोलायचे की सहा फुटी माणूस मान खाली घालून कागदावर सही करायचा.

होळीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी मी आमटीला फोडणी देत होते. हातातला डाव खाली पडला. उचलायला वाकले तर उजवा हात माझा नव्हताच. नवऱ्यानं बाहेरून विचारलं, "काय पडलं गं?" मी म्हणाले, "सोमवार."

तो हसला. मग आत येऊन त्यानं माझं तोंड पाहिलं आणि त्याचं हसू तिथेच थांबलं.

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. हातपाय दोन-अडीच महिन्यांत पुष्कळसे परत आले. हातात थोडी कमजोरी राहिली, तेवढंच. शब्द मात्र आले नाहीत. लोकांना वाटतं, बोलता येत नाही म्हणजे माणूस गप्प असतो. तसं नसतं. मला सगळं कळत होतं. समोर पेला आहे, त्यात पाणी आहे, मला ते हवंय. पण 'पाणी' म्हणायला तोंड उघडलं की 'खुर्ची' बाहेर यायचं, नाहीतर काहीच यायचं नाही. घाबरले की एवढंही उरत नसे. तेव्हा तोंडातून फक्त तीनच गोष्टी धडधडीत, स्पष्ट यायच्या: एक ते वीस आकडे, आठवड्याचे वार आणि शिव्या. डॉक्टर म्हणाले, सवयीचं बोलणं मेंदूत वेगळ्या जागी राहतं. पहिली शिवी मी फिजिओथेरपीच्या मुलीला दिली. बिचारी रडली. मीही रडले.

आम्ही विचुंब्याला राहतो, एका नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर. बोलायला शिकवणारं केंद्र खारघरला. आठवड्यातून दोनदा नवरा मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचा. तळोज्याच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्याला सगळ्या गोष्टी घट्ट, बांधून, खुणा करून लागतात. माझ्या औषधांच्या डब्यांवर त्यानं रंगीत टेप लावली होती. दिवाळीनंतर त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर स्कूटर बंद झाली. रिक्षानं जायचं तर रिक्षावाल्याला ठिकाण सांगायला हवं. तो म्हणाला, "मी येतो ना बरोबर." डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला माणूस आणि मी. मी मान हलवली, नको.

खरं म्हणजे मला एकटीला जायचं होतं. आठ महिने मी कुठेच एकटी गेले नव्हते.

पहिल्यांदा गेले ती कंडक्टरवाल्या साध्या बसनं. घरी आरशासमोर शंभरदा 'खारघर' म्हणून पाहिलं होतं. जमत होतं. कंडक्टर जवळ आला, टिकटिक करत. "कुठं?" मी तोंड उघडलं. मागच्यांनी पैसे पुढे केले होते, एक बाई माझ्या खांद्यावरून हात घालून सुटे देत होती. "कुठं जायचंय ताई, बोला लवकर." मला तो शब्द दिसत होता, पाटीवर लिहिल्यासारखा. मी म्हणाले, "मंगळवार." तो म्हणाला, "हां, आज मंगळवारच आहे. जायचं कुठं?" कोणीतरी फिसकन हसलं. पुढच्याच स्टॉपवर मी उतरले आणि चालत घरी आले. नवऱ्याला बोटांनी खूण केली की बस चुकली.

माझी मुलगी पुण्याला असते. त्या शनिवारी ती आली आणि तिनं माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. निळं, एटीएमच्या कार्डासारखं. "आई, त्याच रस्त्यानं एसी बसही जाते," ती म्हणाली. "तिच्यात कंडक्टर नाही. दारात मशीन आहे. चढताना हे टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. टीं वाजलं की झालं. कोणाला काही सांगायचं नाही. कोणी काही विचारणार नाही."

कोणी काही विचारणार नाही. तिला कल्पनाही नसेल की हे चार शब्द माझ्यासाठी काय होते.

रविवारी आम्ही दोघींनी दोन फेऱ्या मारल्या. मी कार्ड टेकवलं, हिरवा दिवा, टीं. उतरताना टेकवलं, टीं. एक शब्द न बोलता मी खारघरला पोहोचले होते. उजव्या हातातून वस्तू अजून निसटायच्या, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्यानं कागदाला भोकं पाडायचं त्याचं जुनं पंच काढलं, कार्डाच्या कोपऱ्यात एक सुबक भोक पाडलं, त्यात काळी दोरी ओवली आणि ते माझ्या गळ्यात घातलं. "आता पडणार नाही, हरवणार नाही," तो म्हणाला.

केंद्रातल्या बाईंनी मला आधीच एक छापील चिठ्ठी दिली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'मला पक्षाघातामुळे बोलायला त्रास होतो. मला ऐकू येतं आणि समजतं. कृपया थोडा वेळ द्या.' ती पर्समध्ये ठेवा, असं त्यांनी चारचारदा बजावलं होतं. मी ती कपाटात साड्यांखाली सारून ठेवली. मला लाज वाटायची. बावीस वर्षं बाजार गाजवलेल्या बाईनं गळ्यात कार्ड अडकवायचं आणि वर चिठ्ठीही बाळगायची?

तीन आठवडे सगळं नीट झालं. नीट म्हणजे, भीती होतीच. बसच्या दिवशी मला सकाळपासून काही खाववत नसे. स्टॉपवर उभी राहिले की वाटायचं, कोणी पत्ता विचारला तर? कोणी जुनं ओळखीचं भेटलं तर? पण दिवा हिरवा झाला की छातीवरचं ओझं उतरायचं. मी खिडकीशी बसायचे. खांदा कॉलनी, कळंबोली, पुढे हायवे. माझ्या जुन्या बाजाराकडे वळणारे ट्रक दिसायचे आणि मी मनातल्या मनात त्यांचे नंबर वाचायचे.

त्या दिवशी गुरुवार होता. स्टॉपवर गर्दी होती, कॉलेजची मुलं. मी चढले, कार्ड टेकवलं, तेवढ्यात मागच्या मुलानंही आपलं कार्ड पुढे केलं. टीं वाजलं. एकदाच. माझं वाजलं की त्याचं? मी वळून पाहिलं, तोवर मागून दोघं-तिघं आत शिरले होते. परत मशीनपाशी जायचं तर त्यांना बाजूला व्हायला सांगावं लागलं असतं. मी जागेवर जाऊन बसले. मनाला समजावत होते, वाजलं असेल, नक्की वाजलं असेल.

खांदा कॉलनी गेल्यावर पुढच्या दारानं दोन तपासनीस चढले. हातात छोटं मशीन. ते एकेकाचं कार्ड घेऊन त्यावर टेकवत मागे येऊ लागले. माझ्यापुढे सहा सीट होत्या. मग पाच. माझा उजवा हात मांडीवर आपोआप वळू लागला. मी तो डाव्या हातानं दाबून धरला.

"कार्ड दाखवा मॅडम."

तपासनीस तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, वागायला वाईट नाही. मी गळ्यातली दोरी पुढे केली. त्यानं कार्ड टेकवलं. काही नाही. पुसून टेकवलं. काही नाही.

"हे चालतच नाहीये. कुठून बसलात?"

विचुंब्याच्या स्टॉपवरून. माझं घर तिथून पाच मिनिटांवर. समोर मेडिकल आहे, पलीकडे नवीन टॉवरचं काम चाललंय. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि त्यातलं एक अक्षरही माझ्याजवळ नव्हतं.

"मॅडम, मी विचारतोय. कुठून बसलात?"

"एक," मी म्हणाले. "दोन, तीन."

"काय?"

"चार, पाच, सहा."

पुढच्या सीटवरच्या दोघी वळल्या. तपासनिसानं दुसऱ्याकडे पाहिलं. दुसरा वयानं मोठा होता, तो जवळ आला. "नाव काय तुमचं? घर कुठे? आधार कार्ड आहे का?" तीन प्रश्न एकदम. मी पर्स उघडायला गेले. डाव्या हातानं चेन निघेना. निघाली तेव्हा सगळं खाली सांडलं, कंगवा, किल्ल्या, गोळ्यांची पट्टी. मागून कोणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळी घेतलीय वाटतं." हसू पसरलं.

मला इतकंच सांगायचं होतं, की मी प्यायलेली नाही. मी आजारी आहे. मी तोंड उघडलं आणि ट्रकवाल्याला घालायची एक सणसणीत शिवी खणखणीत आवाजात त्या तरुण मुलाच्या आईवरून गेली.

त्या मुलाचा चेहरा पडला. मी तोंडावर हात दाबला, तर हाताखालून दुसरी आली.

"उतरवा हिला," मागून आवाज आला. "पोलिसांत द्या."

मोठा तपासनीस म्हणाला, "पुढच्या स्टॉपला आमच्याबरोबर खाली या." तो ओरडला नाही, पण 'पोलिसांत' हा शब्द माझ्या डोक्यात फिरत राहिला. चौकीत नेतील, नाव विचारतील, मी पुन्हा शिव्या देईन. वेडी म्हणून कुठे नेऊन ठेवतील. नवरा घरी डोळ्यावर पट्टी बांधून बसलाय, त्याला कोण सांगणार? बस थांबली, मागचं दार उघडलं आणि मी उतरले. उतरले कसली, पळाले. एक पाय जड, तरी पळाले. मागून "अहो मॅडम!" अशी हाक आली. मी वळले नाही. मशीनला कार्डही टेकवलं नाही.

कळंबोलीला हायवेच्या पुलाखाली, एका खांबाआड जाऊन थांबले. दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते. इतके मोठे की पायाखालची जमीन हलत होती. ही जागा मी डोळे मिटून ओळखली असती. इथून माझं ऑफिस चालत पंधरा मिनिटांवर. रस्त्यावरचा एकेक खड्डा माझ्या ओळखीचा. आणि उजवा हात कोपरापासून बधिर झाला होता. त्या दिवशी, आमटीच्या दिवशी, सुरुवात अशीच झाली होती.

मला वाटलं, पुन्हा आलं. इथेच पडणार मी.

पर्सच्या आतल्या कप्प्यात राहिलेला फोन काढला. नवऱ्याचा फोटो दाबला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. "पोहोचलीस?"

"सोमवार," मी म्हणाले. "मंगळवार, बुधवार."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्याचा श्वास. "काय झालं? पडलीस? हात उचलून बघ. कुठे आहेस तू?"

"गुरुवार, शुक्रवार."

"कुठे आहेस, एवढंच सांग. केंद्रात आहेस? बसमध्ये आहेस? लोकेशन पाठव. अगं, बोल काहीतरी!" त्याचा आवाज फाटला. तीस वर्षांत तो असा ओरडलेला मी ऐकला नव्हता. लोकेशन पाठवायला बोट चालेना. स्क्रीनवर घाम, अक्षरं हलतायत. तो ओरडत होता, मी वार म्हणत होते, आणि मध्येच एक शिवी. आम्ही दोघं फोनच्या दोन टोकांना भीतीनं वेडे झालो होतो.

"काय झाला गो बाय?"

खांबाच्या पलीकडे एक कोळीण बसली होती. पुढ्यात बोंबील आणि मांदेलीची पाटी, वर ओलं फडकं. मघापासून ती माझ्याकडे पाहत असणार. मी तिच्याकडे वळले आणि तिलाही शिवी दिली.

ती रागावली नाही. तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग हाताकडे. उठून जवळ आली.

"आंगावरून वारा गेलाय काय तुज्या?" तिनं विचारलं. "मान हलव. हाय का नाय?"

मी मान हलवली. हो.

"आज गेला का पयला?"

मी बोटानं मागे दाखवलं. आधीच गेलेला. मग हात दाखवला, बधिर हात, आणि रडू फुटलं.

"माज्या सासऱ्याला आसाच गेलता. त्यो पन शिव्याच द्यायचा, दुसरा काय बोलाला येत नव्हता. आमी घरातली समदी हसाची." तिनं माझा हात हातात घेतला आणि घासला. मासळीचा वास, खरखरीत तळवा. "दाब. माजा हात दाब." मी दाबला. "जोर हाय. घाबरलीस म्हून झाला आसल. कोन हाय फोनवर? घरवाला?"

तिनं माझ्या हातातून फोन घेतला. "ओ दादा. मी मावरंवाली बोलतंय. तुमची बायको हितं कळंबोलीला, पुलाखाली हाय. उबी हाय, चालतंय. पडलीबिडली नाय. घाबरलीय. तुमी या... नाय, मी जात नाय कुठं. तुमी येईपर्यंत बसतंय हितंच."

तिनं मला पाटीशेजारी उलट्या क्रेटवर बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं. गिऱ्हाईक आलं की ती बोंबील निवडून द्यायची आणि मध्येमध्ये माझ्याकडे पाहायची. काही विचारायची नाही. हळूहळू बोटांत मुंग्या आल्या. मी मनात एक ते वीस म्हटलं, मग पुन्हा.

पाऊण तासानं शेजारच्या कुटुंबाच्या गाडीतून नवरा आला. डोळ्यावरची पट्टी त्यानं काढून टाकली होती, डोळा लाल झाला होता. तो कोळणीला काहीतरी द्यायला खिशात हात घालत होता. ती म्हणाली, "ठेव तो खिशान. तिला डागतराला दाखव पयला."

डॉक्टरांनी तपासलं. स्कॅन केला. नवीन काही नव्हतं. घाबरल्यामुळे असं होतं, म्हणाले, शब्दही जातात आणि हातही जड होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्ड घेऊन पास देण्याच्या खिडकीवर गेलो. आतल्या मुलीनं दोरी बघितली, भोक बघितलं आणि कार्ड उजेडासमोर धरलं. "हे भोक कोणी पाडलं, काका?"

"मी पाडलं. पडू नये म्हणून."

"याच्या आत काठाकाठानं तांब्याची तार असते, केसासारखी. मशीन त्या तारेनंच कार्ड ओळखतं. तुमचं भोक तिला घासून गेलंय. थोडे दिवस चाललं असेल, मग वाकून वाकून तुटली." तिनं वाद न घालता दुसरं कार्ड करून दिलं.

संध्याकाळी नवरा गॅलरीत बसून राहिला. मी चहा नेऊन ठेवला तेव्हा म्हणाला, "मीच केलं हे." मी मान हलवली, नाही. तो म्हणाला, "फोनवर तू वार मोजत होतीस ना, तेव्हा मला वाटलं, संपलं." मग त्यानं माझा चहाही पिऊन टाकला, लक्षातही आलं नाही त्याच्या.

दोन महिने मी बसच्या स्टॉपकडे फिरकले नाही. बस दिसली तरी रस्ता ओलांडायचे. केंद्रात तो स्कूटरवर न्यायचा, डोळा बरा झाला होता. त्या तरुण तपासनिसाचा चेहरा मला आठवायचा. त्याला काय वाटलं असेल? घरी जाऊन आईला सांगितलं असेल का? कोळणीकडे आम्ही दोनदा गेलो, मासळी घेतली. तिनं मला पापलेट घेऊ दिलं नाही, "महाग हाय, कायला घेतंस," म्हणाली.

परत बसनं गेले त्याला कारण कोणतंही मोठं नव्हतं. नवऱ्याला ताप आला आणि केंद्राचा दिवस होता. सकाळी मी साड्यांखालून ती छापील चिठ्ठी काढली आणि पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात घातली. कार्ड मुठीत धरलं. बस आली. मशीनसमोर मी थांबले, मागच्याला थोपवायला कोपर बाहेर काढलं आणि कार्ड टेकवलं. दिवा हिरवा होईपर्यंत जो एक क्षण गेला, तेवढा लांब क्षण मी प्रसूतीतही काढला नव्हता. टीं वाजलं. माझंच. मी तरीही उभी राहिले, पडद्यावरची अक्षरं वाचली, तेव्हाच बसले.

कळंबोलीपाशी सहज मागच्या काचेतून पाहिलं, तर दोन गाड्यांमागे आमची स्कूटर होती. तापातला माणूस, स्वेटर, कानाला मफलर, त्यावर हेल्मेट. मला राग आला. मग वाटलं, येऊ दे. खारघरला मी कार्ड टेकवून उतरले आणि त्याच्याकडे न बघता केंद्रात शिरले. तो पलीकडे नारळवाल्यापाशी उभा होता, पाठ करून.

आत जाऊन बसले तरी माझा श्वास लागलेला होता. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि वाट पाहिली. त्यांना घाई नसते. बऱ्याच वेळानं मी म्हणाले, "भीती."

"कशाची?" त्यांनी विचारलं.

मी पेला उचलून पाणी प्यायले. आम्ही भाज्यांची नावं घेतली. वांगं आलं, दुधी आला, भेंडी आली नाही.